पप्पा, मामा आणि आवारातल्या खोल्या

माझे पप्पा चर्चचे पाळक होते आणि माझा सख्खा मामा कम्युनिस्ट. एकानं आयुष्यभर मंडळीला देवाच्या राज्याबद्दल सांगितलं, दुसऱ्यानं हुपरीच्या चांदी कामगारांना कष्टकऱ्यांच्या राज्याबद्दल. दोन्ही राज्यं अजून यायची आहेत आणि दोघंही आता थकले आहेत.

आमचं चर्च कोल्हापुरातल्या एका जुन्या वस्तीत होतं. रविवारची उपासना संपायच्या बेताला मामा मोपेड घेऊन फाटकाबाहेर येऊन थांबायचा. आत पाऊल टाकायचा नाही. लोक बाहेर पडू लागले की ओळखीच्या म्हाताऱ्या त्याला सलाम करायच्या, कारण आम्ही ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलामच म्हणतो. मामा मूठ वर करून 'लाल सलाम' म्हणायचा. म्हाताऱ्या हसायच्या. "सलाम तर त्योच की," तो म्हणायचा, "आमचा जरा रंगीत हाय एवढंच." मग पप्पा झगा काढून, घडी घालून हातावर घेऊन यायचे आणि दोघं मिळून चर्चच्या मागच्या पाळकघरात, म्हणजे आमच्या घरी, जेवायला बसायचे.

मामानं चर्च सोडलं त्याला कारण होतं. तरुणपणी त्याला मंडळीतल्याच एका मुलीशी लग्न करायचं होतं. मुलगीही तयार होती. आजोबा मागणी घालायला गेले तेव्हा मुलीच्या वडिलांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि हसून सांगितलं, "आपण प्रभूत एकच आहोत. पण सोयरीक जरा बघून करावी लागते." बघून म्हणजे काय, ते आजोबांना लगेच कळलं. ख्रिस्ती होण्याआधी ते घराणं गावात राहणारं होतं आणि आमचं गावाबाहेर. त्या गोष्टीला तीन पिढ्या उलटल्या होत्या आणि दोन्ही घरं एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेत होती. मामा पुढच्या रविवारी चर्चला गेला नाही, त्यानंतर कधीच गेला नाही. तेव्हा तो सूतगिरणीत होता. तिथल्या युनियनमध्ये तुझे पूर्वज कुठं राहायचे, असं कुणी त्याला विचारलं नाही. त्याला तेवढं पुरलं. गिरणी बंद पडल्यावर तो हुपरीला जाऊन राहिला आणि घरी बसून पैंजणांना घुंगरू जोडणाऱ्या बायकांची संघटना बांधायला लागला. लग्न त्यानं केलंच नाही.

पप्पांना हे सगळं माहीत होतं. म्हणून ते त्याला 'चर्चमध्ये ये' असं कधी म्हणाले नाहीत. जेवायला मात्र बोलवायचे. आणि जेवताना वाद ठरलेला. आई होती तेव्हा ती पांढरा रस्सा वाढता वाढता म्हणायची, "आधी जेवा, मग काय ती क्रांती करा."

"दाजी," मामा सुरू करायचा, "तुमचे पहिले ख्रिस्ती लोक शेतंवाड्या विकून सगळं एकत्र ठेवायचे, ज्याला जसं लागंल तसं घ्यायचे. तुम्हीच सांगता की न्हाय?"

"सांगतो."

"म्हंजे आमच्या आधी तुम्हीच कम्युनिस्ट. मग ते बंद का पडलं?"

"माणसापाशी येऊन बंद पडलं," पप्पा म्हणायचे. "भूक तुला दिसते, ते खरं आहे. पण भुकेल्याच्या हातात कोठाराची किल्ली दिली की तो काय करतो, ते तू बघत नाहीस. लोभ फक्त श्रीमंताच्या मनात असतो, असं तुला वाटतं."

"आन् तुम्ही किल्लीचं नावच काढत न्हाय. वरनं येईल म्हणता आन् डोळं मिटता."

पप्पा यावर चिडायचे नाहीत. हात धुऊन झाल्यावर, मामा गेल्यावर, एकदा ते मला म्हणाले होते, "त्याचं चुकतं कुठं ते मला माहीत आहे. पण देवाला न मानणाऱ्या माणसाला हे काम करावं लागतं, याची मला लाज वाटते. आपण टाकून दिलेल्या कामातनं त्यांचा झेंडा उगवलाय." मी तेव्हा कॉलेजात होते. मला दोघांचंही पटायचं आणि परीक्षा जवळ आलेली असायची.

आता आवाराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या आवारातच घडलं. चर्च, पाळकघर आणि त्याच्या मागं कौलारू खोल्यांची एक रांग. परदेशी मिशनरी होते तेव्हा तिथं दवाखाना चालायचा, त्याच्या नोकरांसाठी या खोल्या होत्या. मिशनरी गेले, दवाखाना बंद पडला, पण माणसं राहिली. म्हातारा माळी, एक आंधळी बाई आणि तिची बहीण, दवाखान्याच्या जुन्या स्वयंपाक्याचं कुटुंब. कुणाकडंही कसला कागद नव्हता. आधी साहेबांच्या मेहेरबानीनं राहिले, नंतर सवयीनं.

शेवटच्या खोलीत आयामावशी राहायची. दवाखान्यात आया होती म्हणून आयामावशी. ती मूळची कुरुंदवाडची. लहानपणीच मिशनच्या बोर्डिंगात आली, तिथंच तिचा बाप्तिस्मा झाला. तिचा भाऊ गावीच राहिला आणि पुढं सगळ्या वस्तीबरोबर त्यानं बौद्ध धम्म घेतला. एकाच दुखण्यावर एका घरानं दोन औषधं घेतली होती, असं मामा म्हणायचा, आणि तिसरं माझ्याकडं आहे, असंही. मावशीला नवरा होता, तो लवकर वारला. मूल नव्हतं. ती काही गोड म्हातारी नव्हती. किरकिरी होती. कुणाच्या घरी काय शिजलं, कोण कुणाशी बोलत नाही, याची बित्तंबातमी ती सगळीकडं पोचवायची. चर्चमध्ये दुसऱ्या बाकावरची कडेची जागा तिची. तिथं पाहुणा बसला तर त्याच्या डोक्यावर उभी राहायची. आईचं आणि तिचं वाळवणावरून कितीदा भांडण झालं असेल. पण माझ्या जन्माच्या वेळी आईजवळ तीच होती, आणि आई गेली तेव्हा आईला शेवटची आंघोळ तिनंच घातली.

आई गेल्यावर काही वर्षांनी मंडळीच्या कमिटीनं आवार विकसित करायचं ठरवलं. विकसित हा शब्द अध्यक्षांचा. अध्यक्ष म्हणजे आमचे डॉक्टर. त्यांच्याबद्दल मला वाईट लिहिता येत नाही. आईच्या आजारात ते रोज संध्याकाळी आपला दवाखाना बंद करून घरी यायचे, आईची नाडी बघायचे, आणि तिला दुखत असेल तर झोप लागेपर्यंत बसून राहायचे. फी कधी घेतली नाही. कोल्हापुरात अशी माणसं आहेत, आणि त्यांच्याच हातून पुढचं सगळं झालं.

उपासनेनंतर हॉलमध्ये बैठक झाली. मी तेव्हा लग्न होऊन राजारामपुरीत राहत होते, तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. पण मंडळीची सभासद होते, म्हणून मीही बसले. डॉक्टरांनी नकाशा भिंतीला लावला. खाली दुकानं, वर फ्लॅट, मध्ये नवं चर्च, एसी हॉल, लिफ्ट.

"आपली मुलं पुण्याला चाललीत," डॉक्टर म्हणाले. "मंडळी म्हातारी होत चालली. उत्पन्न नाही. एवढी मोक्याची जागा नुसती पडून आहे."

"पडून नाही," पप्पा म्हणाले. "तिथं लोक राहतात."

"तेच म्हणतोय, पाळकसाहेब. त्यांची आपण सोय करू. प्रत्येकाला काहीतरी मदत देऊ."

"कुठं जातील ते?"

मागून एक जण म्हणाला की देवाची जागा काही थोडक्या लोकांनी अडवून धरणं योग्य नाही. त्याचा मुलगा हे काम घेणाऱ्या बिल्डरकडं इंजिनिअर होता, हे सगळ्यांना माहीत होतं. हात वर झाले. पप्पांचा हात खाली राहिला. माझाही. आणखी दोन-चार म्हाताऱ्यांचे. खोल्यांत राहणाऱ्यांना, तेही सभासद असून, बैठकीला बोलावलंच नव्हतं. मावशी दाराबाहेर पायरीवर बसून ऐकत होती. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "लिफ्ट म्हंजे ती वर न्हेणारी न्हवं? मग बरं हाय. माझं गुडघं दुखत्यात." तिला वाटलं, नव्या बिल्डिंगीत तिलाही खोली मिळणार.

मी तिला खरं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पाळकसाहेब तसं हू देणार न्हाईत."

पप्पांनी जे जमेल ते केलं. घरोघर गेले. लोक त्यांना बसवायचे, प्रार्थना करायला लावायचे, आणि प्रार्थनेनंतर म्हणायचे की तुमचं बरोबर आहे पण मंडळीचा निर्णय झालाय. डॉक्टरांकडंही गेले. मी बरोबर होते. डॉक्टर उठून उभे राहिले, खुर्ची दिली.

"पाळकसाहेब, मला झोप लागत नाही हो," ते म्हणाले. "पण मी एकटा काय करणार? कमिटीनं ठरवलंय."

"तुम्ही कमिटीचे अध्यक्ष आहात."

"अध्यक्ष म्हणजे सही करणारा माणूस. मी नाही केली तर दुसरा करेल."

ते खोटं बोलत नव्हते. मला वाटतं, त्यांना खरंच तसं वाटत होतं. घरी परतताना रिक्षात पप्पा म्हणाले, "ज्याच्या हातात आहे तोही म्हणतो माझ्या हातात नाही. मग आहे तरी कुणाच्या?"

त्या दरम्यान मी मावशीसाठी खोली शोधत होते. लॅबमधून सुटल्यावर दोन-तीन वस्त्या पालथ्या घातल्या. एकट्या म्हातारीला कुणी खोली देत नाही. "उद्या काय बरंवाईट झालं तर आम्ही काय करायचं?" असं तोंडावर विचारतात. एका घरमालकिणीनं सगळं दाखवलं, नळ दाखवला, आणि जाता जाता विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. "ख्रिश्चन हायसा व्हय? पण आधीचं कोण?" मी भाडं किती ते विचारलं तेव्हा ती म्हणाली की खोली आधीच पुतण्याला कबूल केली आहे, तिच्या लक्षातच नव्हतं. आमच्या घरात नवरा, दोन मुलं, सासू. आणि पाळकघर पाडल्यावर पप्पाही यायचे होते. तरी मी मावशीला 'आमच्याकडं ये' म्हटलं. "तुझ्या सासूचं तोंड कोण बघणार?" ती म्हणाली. तिचं खरं होतं. सासूनं मला आदल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

मग एके दिवशी पप्पा म्हणाले, "मला हुपरीला ने."

इतक्या वर्षांत ते मामाच्या कामाच्या जागी कधी गेले नव्हते. आम्ही बसनं गेलो. मामा एका घराच्या पुढच्या सोप्यात बायकांमध्ये बसला होता. बायकांच्या मांडीवर परातीत चांदीच्या साखळ्या होत्या आणि त्या बारीक घुंगरू एकेक करून त्यांत अडकवत होत्या. बोटं चालूच, बोलणंही चालू. पप्पांना बघून मामा उठला. मला वाटलं आता काहीतरी टोमणा मारणार. सगळ्या आयुष्याचा वाद जिंकायची ती वेळ होती.

"कॉम्रेड," पप्पा म्हणाले. "मला तुझी मदत पाहिजे."

मामा हसला नाही. त्यानं पप्पांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि नुसतं "बघतो, दाजी," म्हणाला. ते ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली. मामा चेष्टा करत नाही म्हणजे त्याच्याकडंही काही नाही.

तो शहरात पक्षाच्या कार्यालयात गेला. तिथल्या पुढाऱ्यांनी त्याला सांगितलं की प्रश्न योग्य आहे, पण अल्पसंख्याकांच्या संस्थेत हात घालायचा म्हणजे नाजूक मामला. निवडणुका तोंडावर आहेत. उगाच वेगळा अर्थ निघेल. "लेखी निवेदन द्या म्हणाले," मामानं आम्हाला सांगितलं. "मी म्हटलं, म्हातारीच्या डोक्यावरचं कौल निवेदनानं ऱ्हातंय व्हय?" ज्या पुढाऱ्यानं हे सांगितलं त्याच्याबरोबर मामानं एकेकाळी लाठ्या खाल्ल्या होत्या. आता त्याच्या केबिनला काचेचं दार होतं, असं मामा म्हणाला. एवढंच म्हणाला. पप्पांनीही किल्लीचा विषय काढला नाही.

शेवटी मामा हुपरीच्या काही बायकांना घेऊन रविवारी सकाळी आमच्या फाटकावर आला. त्या दिवसाचं काम सोडून, स्वतःच्या भाड्यानं आलेल्या बायका. ओळख ना पाळख. त्यातली एक तर उपवास करून आली होती. त्यांनी लाल झेंडे फाटकाला टेकवले आणि रस्त्याच्या कडेला बसल्या. "गरिबांच्या खोल्या पाडू नका," असं काहीतरी त्या म्हणत होत्या, फार मोठ्यानं नाही. चर्च म्हटल्यावर त्याही बावरल्या असाव्यात.

आत पप्पांनी त्या दिवशी पहिल्या ख्रिस्ती लोकांवरच प्रवचन केलं. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, त्या दिवशीही चढला नाही. ते म्हणाले, आपले पणजोबा या दारात आले ते स्वर्गासाठी आले असं आपण सांगतो. खरं म्हणजे ते आले कारण इथं त्यांना कुणी 'लांब उभा राहा' म्हटलं नाही. एवढीच सुवार्ता त्यांना आधी कळली, बाकीची नंतर. आज बाहेर ज्या बसल्या आहेत त्या देवाला वेगळ्या नावानं ओळखतात, त्यांचा पुढारी तर ओळखतच नाही, आणि तरी आपल्या घरातल्या म्हातारीसाठी ते उन्हात आहेत आणि आपण पंख्याखाली. माणूस माणसाला समान मानेल असा कायदा करता येतो, पण तसं मन करता येत नाही, असं मी माझ्या मेव्हण्याला आजवर सांगत आलो. आपल्याला तर ते मन दिलेलं होतं. ते आपण कुठं ठेवलं?

चर्चमध्ये सगळे रडत होते. डॉक्टर रुमालानं डोळे पुसत होते. मला वाटलं, झालं. आता काहीतरी होणार.

शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा आयामावशी आपल्या जागेवरून उठली आणि तडक बाहेर गेली. मी तिच्या मागं धावले.

"देवाच्या दारात घोषणा?" ती मामावर ओरडली. "लाज न्हाय वाटत? ह्याच दारातनं तुझ्या आयनं तुला बाप्तिस्म्याला आत न्हेलतं. मी धरलंतं तुला!"

"मावशी, तुझ्यासाठीच बसलोय की," मामा म्हणाला.

"माझ्यासाठी? मला इचारलंस?"

मामा रस्त्यावरून उठून उभा राहिला.

"तुम्ही आत बी माझ्यासाठी रडतायसा, बाहेर बी माझ्यासाठी बसतायसा," ती म्हणाली. "मला कुणी इचारलंय का, मावशी तुला काय पायजे? माझ्या देवळाला झेंडं लावून मला खोली नगो. लोक म्हणतील, म्हातारीनं देवावर मोर्चा आणला. काढ ते!"

मामानं झेंडे गोळा केले. एकेक काठीवरून कापड सोडवून त्यानं पिशवीत ठेवलं. मावशीनं खोलीत जाऊन कळशी आणली आणि सगळ्या बायकांना पाणी दिलं, चहा करून दिला, आणि कोण कुठली, पोरंबाळं किती, नवरा पितो का, सगळं विचारून घेतलं. जाताना त्यातली एक पाया पडायला वाकली तेव्हा मावशी म्हणाली, "आमच्यात पडत न्हाईत, बाय." पण नको म्हणेपर्यंत तिचं पाया पडूनही झालं होतं.

लोक बाहेर आले. डॉक्टरांनी पप्पांना मिठी मारली. "असं प्रवचन मी जन्मात ऐकलं नाही," ते म्हणाले. पुढचे काही दिवस मंडळीत तेच बोलणं चालू होतं. कुणीतरी प्रवचन मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, ते सगळ्या ग्रुपांवर फिरलं. मुंबईच्या नातेवाइकांचे फोन आले. आणि त्या महिन्यातच जेसीबी आला. काही बदललं नव्हतं. प्रवचन आवडणं आणि निर्णय बदलणं यांचा एकमेकांशी संबंध असतो, असं फक्त पप्पांना आणि मला वाटत होतं.

माळी मुलीकडं गेला. आंधळी बाई आणि तिची बहीण मिरजेच्या एका आश्रमात. स्वयंपाक्याचं कुटुंब कुठंतरी पत्र्याच्या खोलीत. पप्पांना निवृत्त व्हायला अवधी होता, पण कमिटीनं त्यांना सांगितलं की तब्येत सांभाळा, आराम करा. त्यांनी काही विचारलं नाही. झगा घडी घालून माझ्या कपाटात ठेवायला दिला.

मावशीला घ्यायला कुरुंदवाडहून तिच्या भावाचा मुलगा आला. गवंडीकाम करणारा, मितभाषी माणूस. इतक्या वर्षांत तो आत्तीला दोन-तीनदाच भेटलेला. मी त्याला फोन केला तेव्हा त्यानं "कवा यायचं?" एवढंच विचारलं होतं. आम्ही सगळेच टेम्पोतून गेलो. मावशी पुढं, आणि मागं तिच्या ट्रंकेशेजारी पप्पा, मामा आणि मी. वाटेत ऊस तोडून नेलेली रानं दोन्ही बाजूंना काळी पडली होती.

भाच्याच्या घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो होता आणि शेजारी निळ्या कोटातली ती तसबीर, जी अशा प्रत्येक घरात असते. मावशीनं ट्रंकेतून आपला लाकडी क्रूस काढला आणि हातात धरून उभी राहिली. कुठं ठेवावा ते तिला कळेना. भाच्यानं हातोडी आणली. "आत्ती, हितं बसंल का?" असं म्हणून त्यानं त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर खिळा ठोकला. सुनेनं, म्हणजे भाच्याच्या बायकोनं, सगळ्यांना भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवणाआधी पप्पांनी मनातल्या मनात प्रार्थना केली. घर दुसऱ्याचं होतं. तेव्हा भाचाच म्हणाला, "मोठ्यानं म्हणा की. आत्तीला सवय असंल."

परत निघायच्या आधी पप्पा आणि मामा नदीच्या घाटावर जाऊन बसले. मी दोन पायऱ्या वर होते. पंचगंगेचं पाणी कृष्णेकडं चाललं होतं.

"तुझं राज्य आलं असतं तरी कुणीतरी काचेचं दार लावलंच असतं," पप्पा म्हणाले.

"व्हय," मामा म्हणाला. "आन् तुमच्या राज्याला लिफ्ट बसवली."

दोघंही हसले नाहीत. मग मामानं विचारलं, "दाजी, खरं सांगा. त्यो वर बसलेला बघतोय का हे?"

"बघतोय," पप्पा म्हणाले. "असं मी मानतो."

"मग?"

पूर्वी पप्पांकडं याला उत्तर असायचं. देव वर बसून बघत नाही, तो खाली येऊन गरिबाबरोबर क्रुसावर चढला, असं ते कितीतरी वेळा म्हणालेले मी ऐकलं होतं. तेही त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. मला वाटतं त्यांचा विश्वास गेला नव्हता. तो कुणाला सांगण्याचा त्यांचा हक्क गेला, असं त्यांना वाटलं असावं.

आता बिल्डिंग उभी आहे. नवं चर्च खरंच सुंदर आहे. मी जाते, नाही गेले तर कुठं जाणार? डॉक्टर दारात सगळ्यांचे हात हातात घेऊन सलाम करतात, माझाही घेतात आणि पप्पांची चौकशी करतात. पप्पा येत नाहीत. माझ्या मुलांच्या खोलीत खिडकीशी बसून असतात. हुपरीच्या बायकांना मामानं भांडून नगामागं थोडी वाढ मिळवून दिली, आणि मग मालकांनी घुंगरू जोडायचं मशीन आणलं. मामा अजून त्यांच्याकडं जातो. काय करतो विचारलं तर म्हणतो, "बसतो त्यांच्यात."

मी प्रार्थना करते. पण कशासाठी करायची, ते शब्द मला सापडत नाहीत. सगळी माणसं देवासमोर सारखी, हे मी लहानपणापासून मानत आले आणि अजूनही मानते. फक्त देवासमोरून उठून बाहेर रस्त्यावर आलं की त्याचं काय करायचं, ते मला पप्पांनी सांगितलं नाही, मामानंही नाही. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात मी कुरुंदवाडला गेले होते. मावशी आता फारशी उठत नाही. सून तिचं सगळं करते. मला जवळ बसवून तिनं आधी कोल्हापूरच्या सगळ्या बातम्या काढून घेतल्या. मग हळूच म्हणाली, "पोरी, भाचा लई चांगला हाय. पण ह्येंच्यात जाळत्यात. मला कोल्हापुरात आपल्या लोकांत पुरायला न्हेशील न्हवं?"

ती हे विचारणार हे ओळखून मी कमिटीत आधीच विचारून आले होते. आवार सुटल्यावर तिचं सभासदत्व गेलं आहे, आणि दफनभूमीत जागा कमी असल्यामुळं सभासदांनाच देतात, असं सेक्रेटरी म्हणाले. डॉक्टर "बघू या" म्हणाले. मी तिच्या पायावरची गोधडी सारखी केली.

भाचा दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला, तिच्या खाटेशेजारी उकिडवा बसला.

"आत्ती, काळजी करू नगोस," तो म्हणाला. "माझं रान हाय की थोडं. बांधाला जागा देतो तुला. तुमच्या पाळकांस्नी बोलवू. पुरू."

मावशीनं त्याच्याकडं बघितलं. "तिथं पाणी येतंय की रं, पावसाळ्यात."

"येतंय," तो म्हणाला.

बाहेर सून मला हाक मारत होती. कोल्हापूरची बस स्टँडवर लागली होती.